किती झाले?

सकाळी मैदान मी स्वतः चालून बघितलं होतं,
अनवाणी, दुधोंडीच्या शाळेमागं.
ओंजळभर खडे निघाले, एक बाटलीचं बूच,
आणि मध्यरेषेपाशी खुंटी,
मांडववाला विसरून गेलेला.
टँकर दोनदा मारून घेतला.
महिनाभर पोरींकडून एकच घोकून घेतलं होतं:
पकडीला खांदा आधी, डोकं बाजूला,
गुडघ्यासमोर डोकं न्यायचं नाही.
हरलो तरी नाही.

एवढं करूनही,
सहा मिनिटं उरली असताना
मिस्बा मुलाणीनं सूर मारला
आणि चढाईवालीचा गुडघा तिच्या कानशिलावर आला.
आवाज फार नव्हता.
पाटीवर खडू मोडावा, एवढाच.

ती उठली. माती झटकली.
उसाच्या ट्रॉल्यांवरून शिट्ट्या आल्या,
"वाघीण हाय वाघीण!"
मी पंचांकडं हात केला.

गाव तिनं बरोबर सांगितलं, बापाचं नावही.
ते तर झोपेतसुद्धा येतं.
"मघाशी चढाईला कोण गेलेलं?"
ती माझ्या गळ्यातल्या शिट्टीकडं बघत राहिली.
मग तिनंच विचारलं,
"बाई, किती झाले?"
गुणफलक तिच्या समोर होता.

बस, म्हटलं. खाली बस.

कुणी म्हणालं पाणी मारा तोंडावर,
कुणी कांदा फोडून आणला.
तिचा चुलता दोरी ओलांडून आत आला,
"रगात तरी आलंय का, बाई?"
रक्त आलं असतं तर सोपं होतं.
रक्ताला सगळी घाबरतात.

माझ्या घरी एक फोटो आहे.
तासगाव, सत्त्याण्णव साल, ढाल माझ्या हातात.
तेव्हाही कांदा होता,
"ऊठ की गं, काय झालंय तुला?" होतं.
उठले. म्हणे चार पकडी केल्या.
म्हणे,
कारण तो सामना मी नुसता ऐकलाय,
सुलभा घोरपडेच्या तोंडून,
दर दिवाळीला थोडा वेगळा.
पुढं वर्षभर उजेड डोळ्यांत टोचायचा,
बीजगणित फळ्यावरून सांडायचं.
घरी म्हणायचे, खेळून खेळून आळशी झाली पोरगी.

आता जीप मिरजेच्या वाटेवर.
एकदा उलटी झाली, पलूसच्या अलीकडं.
चुलता पुढं बसलाय, माझ्याशी बोलत नाही,
पण खड्डा आला की ड्रायव्हरला म्हणतो, दमानं रं.
मिस्बाच्या डोळ्यांवर माझी ओढणी.

"बाई, किती झाले?"
एका गुणानं हरलो.
"मी होते?"
नव्हतीस. मी बसवलं तुला.
ती हात सोडवून घेते, खिडकीकडं तोंड करते.
ऊस, ऊस, वीटभट्टी, ऊस.

"बाई, किती झाले?"

दर वेळी ती पहिल्यांदाच हरते,
दर वेळी पहिल्यांदाच माझ्यावर चिडते,
आणि मला वाटतं,
चिडू दे, उद्याही आठवणीनं चिडू दे.

वसगड्याला फाटक पडलेलं.
ड्रायव्हर इंजिन बंद करतो.
मालगाडी लांबलचक, डबे संपत नाहीत.
ओढणीखालून पुन्हा तोच प्रश्न.
या वेळी मी तोंड उघडायच्या आत
पुढच्या सीटवरून चुलता म्हणतो,
"एकानं गेली, बाळा. गेली तर गेली.
डोळं मीट तू."