चौथ्या दिवशी पाणी

पाणी पहाटे तीनला येणार, म्हणून जागी आहे.
विडी घरकुलात आज कुणीच धड झोपत नाही.
घागरी ओळीनं, त्यांच्या पुढं मी,
मांडीवर वही,
आणि मे महिना अजून भिंतीतून बाहेर पडतोय
दोन वाजून गेले तरी.

क्ष वर्ग वजा चार क्ष अधिक तेरा.
सोळातून बावन्न गेले, वजा छत्तीस राहिले.
दहावीत इथंच थांबायचं होतं.
'वास्तव मुळे नाहीत', खाली दोन रेघा, पुढचं गणित.
मी घाईत 'मुळे नाहीत' एवढंच लिहायचे
आणि मला पैकीच्या पैकी मिळायचे.

यंदा वर्गात सवयीनं तेच म्हटलं.
हिरेमठ सर खडू ठेवून म्हणाले,
"मेर्गू, मधला एक शब्द खाल्लास की.
सगळं त्या शब्दातच होतं."
मग फळ्यावर काढला आय.
वजा एकाचं वर्गमूळ. कल्पनेतलं, पण हिशेबाला पक्कं.
मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं,
आमच्या घरी पण आय कल्पनेतलीच आहे सर, व्यय तेवढा वास्तव.
सर हसले नाहीत. मग हसले.

आत अम्मा विड्या मोजतेय,
ओकटी, रेंडू, मूडू,
पंचवीस झाल्या की दोऱ्याचा एक वेढा.
मोजते तेलुगूत, कारखान्याशी भांडते मराठीत.
छाटात गेलेल्या विड्या वळलेल्या असतात,
पण वळल्या असं कुठं लिहिलेलं नसतं.
त्या कुठल्या अक्षावर मांडायच्या
हे मी सरांना विचारलेलं नाही.

आयचा सत्तावीसावा घात.
चारनं भाग, बाकी तीन, म्हणून वजा आय.
हे मला पाठ करावं लागलं नाही.
नळ गेला की पहिला दिवस,
दुसरा उलटा, तिसरा त्याहून वाईट,
चौथ्याला पुन्हा एक,
भरलेला, पूर्ण एक.
सोलापुरातल्या पोरांना चारची बाकी अंगातच असते.

शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर रकाना होता: मूळ गाव.
बाबा मागावरून आलेले, कानात अजून खटखट,
मोठ्यानं म्हणाले, "सोलापूर लिही."
ताता म्हणायचा, सिरसिल्ल्याच्या पलीकडं कुठंतरी.
अत्त म्हणते, वेशीपाशी चिंच होती.
चिन्नान्ना म्हणतो, चिंच नाही, विहीर.
दोघांपैकी कुणीही ते गाव पाहिलेलं नाही.
मी सोलापूर लिहिलं, आणि पेन तिथंच धरून बसले.
विवेचक ऋण आला की मुळं जातात कुठं?
कुठंच जात नाहीत.
आपल्या रेघेवर नसतात, एवढंच.

दोन अधिक तीन आय.
दोन वजा तीन आय.
एक रेघेच्या वर, एक तेवढंच खाली,
आणि दोघांची बेरीज बघा, चार,
साधे चार, घागरींइतके.
सहगुणक सगळे वास्तव असले
की एकटं कुणी येत नाही, जोडीनंच येतं.

बहुपदीचं प्रकरण अजून बाकी आहे.
त्रिघातीला निदान एक मूळ वास्तव असतंच म्हणे,
खालून वर जायचं तर रेघ ओलांडावीच लागते.
सिद्धता उद्या. किंवा परवा. बाकी किती, त्यावर.

पाइपात हवा खोकली.
शेजारच्या गुंडू काकांनी मोटर लावली, आम्हीही लावली.
पाइपातून पहिली धार उडाली,
वर चढली, क्षणभर थबकली, खाली वाकली,
घागरीच्या अलीकडं पडली.
अन्वस्त.
"बघत काय बसलीस," अम्मा ओरडली, मराठीत,
"पाइप पुढं घे!"

घेतला. वहीचं पान भिजलं.
तेरा पुसला गेला, बाकीचं वाचता येतंय.