वजा

जेवणाच्या टेबलावर तीन माहितीपत्रकं,
त्यांवर वरणाच्या पातेल्याचं ओलं वर्तुळ.
एक अजमानचं : घरापासून वीस मिनिटं,
आणि फी ऐकून बाबा उठले, उगाचच
एसीची जाळी धुवायला लागले.
एक मिरजेचं : तिथे मावशी, तिथे वसतिगृह,
तिथे मी सलग महिनाभरही कधी राहिले नाही.
एक रास अल खैमाचं : स्वस्त,
पण शारजाहून रोज दीड तास जाणं, दीड तास येणं.

आई रात्रपाळीचे बूट चढवत म्हणाली,
फोटोतल्या रबरी बाहुल्यांचं काय घेऊन बसलीस,
विचार, पहिल्या वर्षी खऱ्या माणसाला हात लावू देतात का.
दारातून परत आली : आणि विचार,
पोरी जेवतात कधी.

अजमानच्या बाईंनी वाचनालय दाखवलं.
मी काहीच विचारलं नाही. गालिचा फार जाड होता.
रास अल खैमाला लिफ्टमध्ये
एक मुलगी उभ्या उभ्या झोपली होती,
आणि दुसरी, मजला येईपर्यंत,
तिचं पुस्तक उघडं धरून होती
पान हरवू नये म्हणून.

बाबांना सांगितलं, फी परवडते म्हणून हेच.
ते बरं म्हणाले. कॅलेंडरच्या पाठीवरचा
अजमानचा हिशेब मात्र त्यांनी खोडला नाही.

आता पहाटे पावणेपाचची बस.
ऑगस्टात दार उघडलं की चष्म्यावर वाफ,
तीन जिने आंधळ्यासारखे, कठड्याला धरून.
बसमध्ये जिन्सी मला मनगटाची हाडं विचारते.
आठ असतात. मी सात सांगते
आणि आठव्याला डोळा लागतो.
शेजारून दगडाचे ट्रक, कपाळाखाली काच थरथरते.
केअर प्लॅन अकरा पानांचा,
पेशंट बरा होऊन घरी गेला तरी संपत नाही.
औषधांच्या गणितात शंभरपैकी शंभरच लागतात,
नव्व्याण्णवला नापास.
टिंब एक घर सरकलं तर माणूस सरकतो,
मारिसेल मॅडम म्हणतात, आणि हसत नाहीत.

नोव्हेंबरात एकदा मी नळ सोडून रडले.
आईने दार वाजवलं नाही.
बाहेर माझ्या युनिफॉर्मवर इस्त्री फिरत राहिली,
फुस्स. थांबून, फुस्स.
एवढा वेळ लागत नाही एका युनिफॉर्मला.

मग नऊ नंबरची खाट.
सुदानच्या हाज्जा नफीसा, बोटांच्या टोकांना काळी मेंदी.
मी उशाशी पाण्याचा तक्ता भरत होते,
आत किती गेलं, बाहेर किती आलं, वजा करून बाकी.
त्यांनी माझं मनगट धरलं. वजा, म्हणाल्या.
मी म्हटलं, हो हाज्जा, तेच करतेय.
वजा, त्या पुन्हा म्हणाल्या,
आणि माझा हात ओढून ओटीपोटावर ठेवला.

दगडासारखं पोट.

नववीपर्यंतच्या अरबीत पाठ केला होता हा शब्द,
वजा म्हणजे दुखणं,
दहापैकी दहा मिळवले होते.
ऐकला मात्र आज.
तक्त्यात बाहेरच्या रकान्यात
सकाळपासून शून्य होतं, माझ्याच अक्षरात, सुबक.

पांघरूण उचललं. नळी मांडीखाली दुमडलेली.
सिस्टरना हाक मारली, त्यांनी ती सरळ केली,
पिशवीत धार लागली, हाज्जांनी डोळे मिटले,
माझं मनगट मात्र सोडलं नाही,
बस चुकायची वेळ आली तरी.

परतताना मनगटावर एक लाल खूण,
करंगळीच्या बाजूला, जिथे त्यांचं बोट रुतलं होतं.
चाचपलं : वाटाण्याएवढं हाड.
आठवं.
जिन्सीला सांगायला वळले.
ती झोपली होती,
आणि पुस्तक तिच्या मांडीवरून घसरत होतं.