हातचा

जुन्या बाजारात, रविवारी, गनीभाईंच्या ताडपत्रीवर
कुलपं, नळाच्या तोट्या, एकाच काडीचा चष्मा,
आणि त्यांत ही चांदीची चकती.
"फ्रान्सची आहे साहेब, पण नाणं नाही.
नुसती मोजायला."
तोळ्याच्या भावानं दिली. टंच बरा निघाला.

मोजायला म्हणजे असं:
पटावर रेघा, रेघांवर चकत्या.
या रेघेवर ठेवली तर एक,
वरच्या रेघेवर तीच दहा, त्याच्या वर शंभर.
वजन तेवढंच.
आमच्या खात्यात बदल्या निघायच्या तेव्हा असंच व्हायचं.

एका बाजूला राजा. नाक झिजलंय, केस शाबूत.
दुसरीकडे मधमाश्यांचं पोळं, उपड्या टोपलीसारखं,
भोवती सात माश्या (भिंग लावून मोजल्या)
आणि कडेनं अक्षरं.
रानड्यात फ्रेंच शिकवणाऱ्या वैजूनं हात वर केले, "ही लॅटिन."
शेवटी नगर रस्त्याच्या सेमिनरीत फादर मस्कारेन्हसनी
खिडकीपाशी नेऊन वाचलं:
घेते, पण फूल दुखवत नाही.
"खजिन्याची असणार," म्हणाले,
"माशी म्हणजे कर गोळा करणारा."

मी चहा निवू दिला.

एकतीस वर्षं जकात नाक्यावर होतो मी.
एका लगीनसराईत सासवडकडून आलेला हणमंत खुडे,
काखेत कोरं क्लॅरिनेट, पावती नाही.
विकायला चाललास, मी म्हणालो.
वाजवायला, तो म्हणाला.
मग वाजव.

त्यानं हळदीचं वाजवलं, नाक्याच्या पिवळ्या दिव्याखाली.
ट्रकवाल्यांनी इंजिनं बंद केली.
संपल्यावर मी पावती फाडली. अकरा रुपये चाळीस पैसे.
त्यानं चिल्लर दोनदा मोजून दिली
आणि तक्रार नव्हे, नुसतं सांगावं तसं बोलला,
"वरात निघाली असंल आता."

त्या रात्री गल्ला पैशाला पैसा जुळला.

बेरजेत हातचा धरायचा
तो पुढच्या घरात मिळवण्यासाठी.
माझं पुढचं घर आलंच नाही;
नाकेही उठले मागाहून.

चकती दाढीच्या डब्यात असते.
सातातल्या सहा माश्या पोळ्याकडे तोंड करून,
एक पाठ फिरवून, पार कडेला, अक्षरांत शिरलेली.
तिनं काही घेतलंय,
की तशीच परतायला निघालीय,
भिंगातूनही कळत नाही.