फूटबोर्डावरची जाळी

कॅटलॉगातल्या चित्रात ती उघडी होती.
आत तीन चामडी पेट्या, एक छत्री,
शेजारी उभ्या साहेबाचे हात रिकामे.
मिटते कशी, ते चित्रात नव्हतं.
पिलारच्या बुदाजी मेस्ताने दोन रविवार
न्हाव्याच्या ओट्यावर काढले, कातरीकडे बघत,
मग आठ कातऱ्या एकमेकींत गुंतवाव्यात
तशी लोखंडाची जाळी घेऊन आला.
ओढली की चार हात, ढकलली की चार बोटं.
बातकाराने ती तीनदा उघडली, तीनदा मिटली,
पैसे मोजले, आणि मला म्हणाला,
सोयरू, वंगण घालत जा.

डाव्या फूटबोर्डावर बसवली तिला.
सामान चढलं की डावी दारं बंद,
मग पाद्री असो, बाळंतीण असो,
उजवीकडून चढायचं, एकमेकांच्या गुडघ्यांवरून.
काय काय नेलं मी त्या जाळीत!
फणस, फेस्ताच्या मेणबत्त्या, एक हार्मोनियम,
आगशीच्या चोरिसांच्या माळा,
एकदा जिवंत डुक्कर. त्याने एक पट्टी वाकवली.

आगशीला मात्र नियम होता.
दोन होड्या बांधलेल्या सांगडीवर गाडी घ्यायची,
आणि तारी ओरडायचा, जाळी मीट आधी!
सगळं वाळूत उतरवा, हातांनी होडीत ठेवा,
पलीकडे कुठ्ठाळीला पुन्हा रचा.
घरात अंधारात बांधलेलं सामान
तिथे पहिल्यांदा चारचौघांत यायचं.

नेवऱ्याचा रुझार आफ्रिकेला निघाला
तेव्हा दोर आवळले त्याच्या आईने, आपोलीनने.
पेटी. वाकळ.
सुक्या मासळीच्या पाऱ्याची बरणी, झाकणाला मेण.
आणि सगळ्यात वर आदोळी, नारळ खोवायची.
मी विचारलं, तिथे नारळ असतात?
ती म्हणाली, असले तर?

आगशीला ओहोटी लागलेली, तारी घाई करत होता.
जाळी मिटताना बोट चिमटलं,
मी शिवी हासडली, मान वर केली,
तोवर रुझार एकटी पेटी घेऊन होडीत बसलेला.
बाकीचं वाळूतच.
माझ्याकडे न बघता म्हणाला,
येताना ने घरी. आईला सांग, जागा पुरली नाही.

जागा होती.
चार हात होती.

कुठ्ठाळीहून हार्बरपर्यंत
मी जाळी उघडलीच नाही. पेटी त्याच्या मांडीवर.
डावं दार मोकळं होतं,
तरी तो उतरला उजवीकडूनच.

संध्याकाळी परतलो, तिन्ही वस्तू तिथेच.
बरणीवर मुंग्यांची रांग.
भरलं सगळं जाळीत, नेवऱ्याच्या वळणावर आलो,
तिच्या घरातून तेर्स ऐकू येत होता,
म्हणणारी एकटी, उत्तर देणारीही तीच.
गाडी हळू करायची होती.
केली नाही.

वाकळ एका गड्याला दिली.
पारा मी खाल्ला. चांगला झाला होता.
पुढच्या रविवारी ती चर्चच्या पायऱ्यांवर भेटली.
नेलं सगळं?
नेलं.
आदोळीसुद्धा?
म्हटलं, आदोळी तर त्याने मांडीवर घेतली.
ती इतकी हसली
की मला हसावं लागलं.

आता फेरीबोटीत अख्खी कारेर मावते,
कुणाला काही उतरवावं लागत नाही.
त्या आदोळीवर माझी बायको तीस वर्षं
नारळ खोवते आहे; कुठून आणली,
तिने विचारलं होतं एकदा. मी म्हटलं, म्हापशाच्या बाजारातून.

गाडी विकताना बातकाराकडून जाळी तेवढी मागून घेतली.
परसात वालाचे वेल चढलेत तिच्यावर.
वेल सुकले की दर वर्षी तिला मिटायला बघतो,
वंगण घालतो, दोन्ही हातांनी ढकलतो.
डुकराने वाकवलेल्या पट्टीपाशी
येऊन अडते.