पोस्टमन आला का

शुक्रवारी अंबडची पहिली पाळी सुटली
की मी घरी न जाता शालिमारला उतरते.
चपलांच्या दुकानामागचा बोळ,
जुम्म्याची नमाज आटोपून मुस्तकीमभाईंनी
शटर पुन्हा वर केलेलं असतं.
साडेचार फुटांची काच, आत गर्दी:
शिंगवाले, पंखवाले, तलवारी उपसलेले,
एका राक्षसाला तर तीन तोंडं
आणि तिन्ही उघडी.
मी म्हणते, पुढे.

माझे नियम मी कुठे लिहून ठेवलेले नाहीत.
हातात शस्त्र नको.
डोळ्याचा रंग पापणीबाहेर सांडलेला नको.
आठ तास मी तेच तर करते,
बुशिंग गेजमधून सरकवते,
जातं, जातं, जात नाही, लाल क्रेट.
बोटापेक्षा उंच नको.
हसणारा तर मुळीच नको,
दिवसभर हसत उभ्या असलेल्या माणसाशी
घरात बोलायचं काय?

हेरंब सगळं घेतो.
नवी मालिका आली की पेटीच उचलतो,
खोकी फोडत नाही, भाव उतरतो म्हणे.
गंगापूर रोडच्या त्याच्या फ्लॅटमध्ये दिवाणाखाली
दोनशे सत्तर माणसं
अंधारात उताणी पडून आहेत.

माझ्याकडे एकोणीस.
मीटरच्या पेटीवर हातभर फळी, तिच्यावर
वेल्डर, मुखवटा कपाळावर सरकवलेला.
पाणबुड्या.
ओले केस पुसणारी एक बाई.
आणि एक म्हातारा, नुसताच बसलेला.
त्याचा बाक वेगळा विकत मिळतो.
मी घेतला नाही. तो काडेपेटीवर बसतो.

लहानपणी मोहाडीला मामाच्या बागेत
विरळणीच्या बायांबरोबर मलाही उभं करायचे.
हौसामावशी कात्री द्यायची, म्हणायची,
घडातले निम्मे मणी काढ.
हिरवे, टणक, कसलीच खोट नसलेले.
मी विचारायचे, यांनी काय केलं?
काही नाही गं, ती म्हणायची,
आणि तिची कात्री चालूच.

तीन वर्षं मी एकालाच शोधत होते.
पोस्टमन.
सायकलवर बसलेला नव्हे, तो कुठेही मिळतो.
सायकल हाताने ढकलत चढावर निघालेला.
बनवणाऱ्यांनी चढ दिलेलाच नाही,
चढ त्याच्या पाठीत आहे.
दर शुक्रवारी मी विचारायचे, पोस्टमन आला का?
नाही ताई.
मग चहा. मग त्यांच्या रुखसारची बारावी,
माझ्या आईचा गुडघा,
द्वारकेवरची ट्रॅफिक.

मार्चमध्ये तो आला.
काउंटरखालून, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
तळव्यावर घेतला. डोळा पाहिला, पापणीच्या आत.
हँडलवरची बोटं मोजली, चार.
सगळ्या नियमांत बसत होता.
मुस्तकीमभाई चहा सांगायला विसरले,
नुसते माझ्या तोंडाकडे बघत.
मी तो परत कागदात गुंडाळला.
म्हटलं, पुढच्या शुक्रवारी नेते.
पर्समध्ये पैसे होते.

घरी येऊन पाणबुड्याला सरकवून
तरीही फळीवर जागा केली.
रात्री दोनदा उठून पाहिली.

पुढच्या शुक्रवारी मुस्तकीमभाई
भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलत होते.
भाचा दुकानात होता ताई, त्याला काय ठाऊक.
हेरंबशेठ आले, पेटीसोबत तोही गेला.
म्हणजे दोनशे एकाहत्तरावा,
दिवाणाखाली आडवा, पाठीतल्या चढासकट.
वाईट वाटलं.
आणि खोटं कशाला बोलू,
सिटी बसमध्ये बसल्यावर जरा हलकंही.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी बोळात ऊन उतरलेलं.
काच पुसता पुसता त्यांनी मान वर केली.
मी विचारलं, पोस्टमन आला का?
फडकं हातात तसंच धरून
ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले.
मग भाच्याला हाक मारली, दोन चहा सांग.
आणि म्हणाले,
नाही ताई. अजून नाही.