तक्रारअर्ज

समोरची इमारत पानांनी भरत गेली
तसा एर्मान्नोच्या लेथवरचा उजेड
मजल्यामजल्यानं उतरला.

तुरीनच्या त्या अरुंद गल्लीत
तो एबोनाइटच्या कांड्या कातत बसतो.
काळा भुसा, गंधकाचा वास,
आणि निबच्या दोन पात्यांमधली फट,
केसाएवढी.
ती बघायला दुपार लागते, दिवा चालत नाही.

दर जूनमध्ये तो नगरपालिकेला अर्ज लिहायला घेतो:
‘महोदय, समोरच्या मेपलमुळे’
इथे निब कागद खरवडते.
तो थांबतो, भिंगाखाली धरतो,
बारीक पॉलिश-पेपरवर आठचा आकडा गिरवत घासतो.
पुन्हा: महोदय.
आता शाई अडते.
जीभ काढतो, धुतो, बसवतो.
पुन्हा महोदय.

एकदा दोरावर लोंबकळत फांद्या छाटणारी पोरगी
चौथ्या मजल्यावरून ओरडली,
‘आजोबा, किती कापू?’
रागाच्या भरात हात वर केला त्यानं,
पण चिमटीत दाखवलं ते एवढंसंच,
निब घासताना शिकाऊ पोराला दाखवतो तेवढं.

पेन सुरळीत चालू लागतं
तेव्हा नोव्हेंबर लागलेला असतो.
लेथवर ऊन,
उघड्या फांद्यांच्या सावल्यांसकट.

अर्ज ‘मेपलमुळे’पाशीच.
पेन गिऱ्हाईक घेऊन जातं.