रुपेरी, मग हिरवी

ग्राझिना ब्रेमेनला गेली, नव्वदीच्या एका बाईंना
आंघोळ घालायला, भरवायला,
रात्री दोनदा उठून त्यांची कूस बदलून द्यायला.
जाताना म्हणाली, सूप फ्रीजरमध्ये आहे,
विजेचं बिल दहा तारखेला,
आणि माझ्या ऑर्किडला पाणी घालत जा.

घातलं की.
रोज सकाळी एक मग, काठोकाठ.
बंदरात एकतीस वर्षं क्रेन चालवली,
सांगितलेलं काम कधी चुकवलं नाही.
नोव्हेंबरात ग्दिनियात दिवस साडेतीनलाच मिटतो;
वाटलं, गारठत असेल बिचारं,
म्हणून कुंडी उचलून हीटरवर ठेवली.

फुलं गळाली. ठीक, फुलं गळतातच.
मग पानं पिवळी पडली, मऊ पडली,
भिजलेल्या हातमोज्यांसारखी
कुंडीच्या काठावरून लोंबायला लागली.

रविवारी फोनवर ती विचारायची, ऑर्किड कसं आहे?
छान आहे, मी म्हणायचो.
तुझी कंबर?
छान आहे, ती म्हणायची.

तिसऱ्या मजल्यावरच्या व्हिएस्वावाबाई
शाळेत रसायनशास्त्र शिकवायच्या.
त्यांनी कुंडी नुसती हुंगली.
"झेनॉन, बुडवून मारताय तुम्ही याला."

टेबलावर जुना पेपर पसरला. झाड उपसलं.
अति तिथं माती म्हणतात;
इथं तर मातीच नव्हती,
होता सालींचा काळा गाळ, आणि त्यात
तपकिरी, पोकळ,
बोट लावताच सालपट सुटणारी मुळं.
कात्री गॅसच्या ज्योतीवर धरून त्यांनी माझ्या हातात दिली.
कापा.
किती?
दाबून बघा. घट्ट लागेल तेवढं ठेवायचं.

तीन लागली घट्ट.
कापल्या जागी दालचिनीची पूड लावली,
ग्राझिनानं नाताळच्या केकसाठी आणून ठेवलेली.
घरभर सणाचा वास,
आणि टेबलावर दोन पानांचं ते उघडं प्राणी.

पाइनची नवी साल. आरपार दिसणारी कुंडी.
पूर्वेची खिडकी, पडदा अर्धा.
मुळं रुपेरी दिसली तर तहान लागलीय:
दहा मिनिटं टबात, मग पार निथळू द्यायचं.
हिरवी असली तर हात लावायचा नाही.
बरं. आणि आता काय करू?
आता काही करू नका.

हेच जमेना.
तीस टन अधांतरी धरून ठेवलेले हात माझे,
मग उचलायचे, खाली ठेवायचे,
धुतलेला मग पुन्हा धुवायचे.
बाहेर समुद्रावरून बर्फ आडवा यायचा.
दिवसातून चारदा वाकून बघायचो:
हिरवी. हिरवी. अजून हिरवी.
गुरुवारी रुपेरी.

डिसेंबर गेला, जानेवारी गेला, एक पानही गेलं.
फेब्रुवारी संपता संपता
उरलेल्या पानाच्या बगलेतून
काडेपेटीच्या गुलाएवढं काहीतरी बाहेर आलं, ओलसर हिरवं.
मला वाटलं कळी.
चष्मा लावून व्हिएस्वावाबाई म्हणाल्या, मूळ आहे.
पण हे तर हवेत निघालंय, कुंडीच्या बाहेर!
निघू द्या. त्यांना असंच आवडतं.
जीव धरला म्हणायचा झाडानं.

त्या रविवारी सांगून टाकलं:
तुझं ऑर्किड मी जवळजवळ मारलं होतं.
पलीकडे कुणीतरी भांडी घासत होतं, मग नळ बंद झाला.
ती म्हणाली, जानेवारीत मी जिन्यावरून पडले.
कंबर दुखते, झेनॉन. फार दुखते.

ईस्टरला आली. रात्रभर बसमध्ये.
कोट खुर्चीवर टाकला, खिडकीकडे बघितलंही नाही,
बुटांसकट आडवी झाली.
अकरा वाजता चहा घेऊन दाराशी गेलो.
हात उशाखाली, खांद्याची हाडं वर आलेली,
श्वास लांब.
ऊन थेट तिच्या तोंडावर येत होतं.
पडदा अर्धा ओढला,
आणि चहा परत आणला.